नागरिकत्वाचा अर्ज आणि विसरलेला सीसीजे: या चुका टाळा

ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरताना लाइफ इन द यूकेची परीक्षा, देशाबाहेर काढलेले दिवस, आपल्या ओळखीची हमी देणारे रेफरी या सगळ्याची आपण काळजी घेतो. जुन्या घराचं थकलेलं ब्रॉडबँडचं बिल मात्र आठवतही नाही. त्याच बिलापायी इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्टाचा निकाल, म्हणजे सीसीजे, आपल्या नावावर लागलेला असू शकतो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: ‘माझ्यावर कसला निकाल?’ असं धरून चालणं. भाड्याची घरं बदलणाऱ्या आपल्या लोकांनी तर जास्तच सावध राहावं. स्लाऊ सोडून मिल्टन कीन्सला गेलात, कंपनीला नवा पत्ता कळवला नाही, आणि दाव्याचे कागद जुन्या दारात पडले. उत्तराला साधारण १४ दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही की सुनावणी न होताच निकाल लागतो. म्हणून अर्जाआधी ट्रस्टऑनलाइनवर, म्हणजे अशा निकालांची नोंदवही असलेल्या वेबसाइटवर, आपलं नाव शोधा, आणि गेल्या सहा वर्षांतल्या प्रत्येक पत्त्यावर शोधा.

निकाल सापडला आणि दावा तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, तर कोर्टाचा एन२४४ फॉर्म भरून तो निकाल रद्द करण्याची मागणी करता येते. कळल्यावर लगेच करा, उशिराचं कारण कोर्ट विचारतं. देणं खरं असेल तर फेडा. निकालापासून महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढून टाकली जाते. त्यानंतर भरलीत तर ‘फेडले’ असा शेरा पडतो, पण नोंद सहा वर्षं राहते. एकरकमी जमत नसेल तर एन२४५ भरून हप्ते मागा आणि प्रत्येक हप्त्याची पावती जपा.

दुसरी चूक लपवण्याची, आणि मला हिचीच जास्त धास्ती वाटते. एएन फॉर्ममध्ये, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जातच, दिवाणी निकालांबद्दल थेट विचारलेलं असतं. नोंद पुसली गेली म्हणून ‘नाही’ लिहू नका. निकाल लागला होता हे खरंच राहतं. कर्ज आहे एवढ्यावरून होम ऑफिस, म्हणजे अर्ज तपासणारं गृहखातं, सहसा अर्ज नाकारत नाही. बेफिकिरीने देणी वाढवली आणि फेडण्याची धडपड दिसत नाही, तेव्हा ‘गुड कॅरॅक्टर’च्या, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या, अटीवर अर्ज अडतो. फसवणुकीचा ठपका त्याहून जड: त्याची सावली साधारण १० वर्षं पुढच्या अर्जांवर राहते. तेव्हा निकाल सांगा, काय घडलं ते चार ओळींत लिहा, पावत्या जोडा.

कौन्सिल टॅक्सची थकबाकीही याच तराजूत तोलली जाते.

व्हिसाच्या जुन्या प्रकरणात होम ऑफिसविरुद्ध कोर्टात हरला असाल आणि त्यांचा खर्च भरण्याचा आदेश तुमच्यावर असेल, तर तो आधी चुकता करा. तिथे सावकारही होम ऑफिस आणि अर्ज तपासणारंही होम ऑफिसच. नागरिकत्वाच्या अर्जाला नकार आला तर अपील नाही, फेरविचार मागता येतो. आणि नागरिकत्व समारंभाचे पैसे सोडले तर फी परत मिळत नाही.