ग्राफिक्स कार्डाशिवाय स्वस्तातला घरचा पीसी
ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवायचे असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असतं. शेवटचा ‘जी’ बिलावर तपासा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, स्क्रीन काळीच राहते. हे आतलं ग्राफिक्स रॅममधूनच भागवतं आणि दोन पट्ट्यांनी रॅमचा वेग वाढतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या, डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग). मदरबोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात, ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बी४५० बोर्ड स्वस्त पडतो, पण जुन्या स्टॉकमधलं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर ओळखत नाही. दुकानातच अपडेट करून मागा. साठवणीसाठी एसएसडी ५०० जीबी, जेन ३ (पीसीआयई जोडणीची तिसरी पिढी) पुरे. जेन ४ चा वेग या प्रोसेसरवर मिळतच नाही. कॅबिनेटसोबत येणारा बिननावाचा पॉवर सप्लाय मात्र फुकटातही नको. ४५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) वेगळा घ्या.