लॅपटॉप इथे, पडदा तिथे: सभागृहात जाण्याआधीची तयारी

व्यासपीठावरच्या टेबलापासून छताला टांगलेला प्रोजेक्टर १० मीटरवर दिसतो, पण केबल हवेतून जात नाही. टेबलावरून खाली, भिंतीच्या कडेने, वर छताला आणि मग प्रोजेक्टरपर्यंत असा तिचा मार्ग टेपने मोजा. १० चे सहज १८ मीटर होतात. पहिले काम हेच, कारण कोणती केबल न्यायची ते या आकड्यावर ठरते.

साधी तांब्याची एचडीएमआय केबल फुल एचडी चित्राला साधारण १० मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधूनच काळे होते. दोन केबली जोडून लांबी वाढवू नका, जोडापाशी सिग्नल आणखी पडतो. १५-२० मीटरसाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल उत्तम, मात्र ती एकाच दिशेने चालते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक लॅपटॉपला, ‘डिस्प्ले’ लिहिलेले प्रोजेक्टरला. छतातून ओढण्याआधी जमिनीवरच दोन्ही टोके लावून चित्र बघा. उलटी ओढलेली केबल काढून पुन्हा ओढणे फार जिवावर येते.

दुसरा पर्याय कॅट-६ वरचा एक्स्टेंडर: दोन डब्यांची जोडी, एक लॅपटॉपपाशी, एक प्रोजेक्टरपाशी, आणि मध्ये कॅट-६ म्हणजे नेटवर्कची केबल. त्याची केबल पूर्ण तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. एचडीबेसटी (अशा केबलवरून चित्र-आवाज थेट नेण्याची एक पद्धत) जातीचा असेल तर मध्ये नेटवर्क स्विच चालत नाही, केबल एका डब्यातून थेट दुसऱ्या डब्यात जाते. अनेक जोड्यांत दोन्ही डब्यांना वीज लागते, तेव्हा प्रोजेक्टरजवळ मोकळे सॉकेट आहे का ते आधीच विचारा. वायरलेसवर एकट्यावर विसंबू नका. भरलेल्या सभागृहात शेकडो फोन त्याच लहरींवर असतात.

लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल, तर तो पोर्ट चित्र बाहेर देतो का हे घरीच तपासा. काही पोर्ट चार्जिंग आणि डेटापुरतेच असतात, तिथे कन्व्हर्टर बदलूनही उपयोग नाही.

अक्षरांचा आकार लॅपटॉपजवळ बसून ठरवू नका. पडदा दीड मीटर उंच आणि शेवटची रांग १२ मीटरवर, म्हणजे उंचीच्या आठपट. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे १९ सेंटिमीटर उंच, त्याच्या आठपट म्हणजे दीड मीटर. तेवढ्या अंतरावर उभे राहून स्लाइड वाचा. जे वाचता येत नाही ते मागच्या रांगेलाही दिसणार नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर ऐनवेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडावा लागला, तर जोडाक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

सभागृहात प्रोजेक्टर आधी सुरू करा, मग केबल लावा, मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. टिपणे लॅपटॉपवर राहतात, स्लाइड पडद्यावर. दोन्ही उलटी पडली तर पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये अदलाबदलीचे बटण असते. एखादी खिडकी दूरच्या पडद्यावर अडकली तर विंडोज, शिफ्ट आणि बाण यांनी ती परत आणा. चित्र ताणलेले वाटले तर रेझोल्यूशन बघा: जुने प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चे, नवे बहुधा १९२० गुणिले १०८० चे.

आवाजही एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरकडे जातो. सभागृहाच्या ॲम्प्लिफायरला जोडायचे असेल तर साउंड सेटिंगमध्ये हेडफोन आउटपुट निवडा. घुंघुं ऐकू आली तर चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या लूपचा (लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा), आणि ध्वनिवाल्याकडे हा लूप तोडणारा आयसोलेटर मागा.