सातपुड्यावरचा पाऊस संगणकात आणताना या चुका टाळा

डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं संगणकी मॉडेल नुकतं शिकलेली पोरं जळगावला माझ्याकडे येतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : "सर, पाऊस चुकतोय, कोणती स्कीम बदलू?" स्कीम म्हणजे ढग-पावसाचा हिशेब करायची मॉडेलमधली पद्धत. ती बदलायला नेमलिस्टमधला, म्हणजे मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलमधला, एक आकडा पुरतो, म्हणून सगळे तिथेच हात घालतात. मी आधी त्यांच्या जाळीतला, म्हणजे मॉडेल प्रदेशाच्या ज्या चौकटी पाडतं त्यांतला, डोंगर उघडून बघतो.

जाळीची कड डोंगरावर टाकू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पावसासाठी ९ किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीत ३ किलोमीटरच्या चौकटींची जाळी बसवली आणि संगणकाचा वेळ वाचावा म्हणून आतल्या जाळीची उत्तरेकडची कड सातपुड्याच्या माथ्यावरच ठेवली. निकालात कडेला लागून पावसाचा पट्टा आला, पट्टीने आखल्यासारखा सरळ. तीन आठवडे मी मायक्रोफिजिक्स (ढगातल्या थेंबांचा हिशेब करणारी स्कीम) बदलत बसलो, पट्टा जागचा हलला नाही. शेवटी दोन्ही जाळ्यांमधली जमिनीची उंची शेजारी ठेवून पाहिली. बाहेरच्या जाळीत डोंगर बोथट, आतल्या जाळीत खडा. कडेवर हवेला खोटी पायरी लागत होती. हवा सशर्त अस्थिर, म्हणजे संपृक्त झाल्यावरच आपोआप चढू लागणारी, असली की तेवढी उचलही पुरते. दमट हवा संपृक्त होते, बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि पुढे ढग आपल्याच बळावर चढतो. कड नर्मदेपलीकडे नेली आणि पट्टा गेला. तेव्हापासून कड आणि डोंगर यांत वीस-पंचवीस चौकटी सोडल्याशिवाय मी रन (मॉडेलची एक फेरी) लावत नाही, मग संगणक दोन दिवस जास्त चालला तरी चालेल.

सह्याद्रीची समजूतही इथे लावू नका. सह्याद्री पावसाळी वाऱ्याला आडवा उभा आहे. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला, त्यामुळे पश्चिमेचा वारा बराचसा डोंगराला समांतर, तापीच्या खोऱ्यातून वर येतो. वारा थोडा दक्षिणेकडून वळला की उचल एकदम वाढते. म्हणून पाऊस बघण्याआधी वाऱ्याची दिशा तपासा.

दुसरी चूक हिशेबाची, आणि तिचा मला खरोखर राग येतो. मॉडेलमधला पाऊस रन सुरू झाल्यापासून साचत जातो. एका मुलाने तोच आलेख तासागणिक पाऊस म्हणून काढला आणि सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यावरची अस्थिरता रात्रभर ओसरत नाही असं दोन पानं लिहून आणलं. आधीच्या तासाचा आकडा वजा केल्यावर पाऊस संध्याकाळीच थांबलेला निघाला. घड्याळाचंही तसंच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो, म्हणजे मॉडेलच्या ग्रिनिच घड्याळात ०३:०० ला. १५ तारखेच्या नोंदीतला पाऊस बहुतांशी १४ तारखेला पडलेला असतो. मी ०३:०० ते ०३:०० अशीच बेरीज करतो आणि तारीख कागदावर हाताने लिहून ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. २७ किलोमीटरच्या जाळीत तोरणमाळ शोधू नका, तिथे माथा आणि पायथा एकाच चौकटीत मिसळतात. ३ किलोमीटरवर क्युम्युलस स्कीम (चौकटीपेक्षा लहान ढगांचा पाऊस अंदाजाने धरणारी) बंद ठेवा. टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी पुढे टाकतं ते वेळेचं पाऊल, चौकटीच्या किलोमीटरच्या सहापट सेकंद हा नियम सपाटीचा. खड्या उतारावर रन फुटला, म्हणजे आकडे बेफाम होऊन बंद पडला, तर ३ किलोमीटरला १८ ऐवजी १२ सेकंद घ्या. रनमधले पहिले बारा तास टाकून द्या, घाईत असाल तरीही.

आणि एका रनवरून ढग यावलवर की चोपड्यावर हा वाद घालू नका. सुरुवातीची आर्द्रता किंचित हलवली तरी असा ढग तालुका बदलतो. मी निदान पाच रन लावतो, आर्द्रता थोडी वर-खाली करून, आणि पाचांपैकी किती रनमध्ये पाऊस आला तेवढंच सांगतो.