लॉ सीईटीची कॅलेंडरची गणितं: कोडचा तक्ता सोडा, सातने भागा

लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच पोरं लॉ सीईटीच्या, म्हणजे राज्यातल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, रीझनिंगमधे कॅलेंडरचा प्रश्न (तारखेवरून वार काढायचा) दिसला की सोडून पुढं जातात, मला ते लई खटकतं कारण हे हक्काचे मार्क आहेत. महिन्यांचे कोड, शतकांचे कोड असा तक्ता घोकायचा आणि हॉलमधे जुलैचा कोड आठवत बसायचं, त्यातच वेळ जातो. तक्ता राहू द्या.

सगळा खेळ सातने भागून उरलेल्या बाकीचा आहे. साध्या वर्षात 365 दिवस, म्हणजे 52 आठवडे आणि वर 1 दिवस, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढं सरकते, मधात 29 फेब्रुवारी आली तर दोन वार. एवढंच.

आता आपलीच तारीख घेऊ. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता, हा वार तेवढा पाठ करून ठेवा. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला 17 सप्टेंबर 1948 ला, तर त्या दिवशी वार कोणता? 15 ऑगस्ट 1948 पर्यंत एक वर्ष झालं, पण 1948 लीप आणि त्याची 29 फेब्रुवारी मधातच येते, म्हणून दोन वार पुढं, रविवार. पुढं ऑगस्टचे उरले 16, सप्टेंबरचे 17, झाले 33, सातने भागलं की बाकी 5, मग रविवारच्या पुढं बोटावर मोजा, सोम मंगळ बुध गुरू शुक्र. शुक्रवार!

पोरं चुकतात ती कुठं, तर सुरुवातीचा दिवसही मोजून घेतात, नाहीतर लीप वर्ष दिसलं की डोळे झाकून दोन वाढवतात. 15 ऑगस्ट 1948 ते 15 ऑगस्ट 1949 मधे 29 फेब्रुवारी येतच नाही, मग एकच वार वाढणार ना. आणि 1900 लीप नाही, 2000 आहे, शतकाच्या वर्षाला 400 ने भाग गेला पाहिजे.

‘हेच कॅलेंडर परत कधी येईल’ हा प्रश्न पण असाच, दरवर्षीचे जास्तीचे दिवस मिळवत जा, बेरीज सातच्या पाढ्यात बसली आणि वर्षाचा प्रकार पण तोच असला की झालं. 2025 चं 2031 ला येतं. 2026 ची बेरीज 2032 ला जुळते पण ते लीप निघतं, म्हणून थेट 2037.

सरावासाठी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा, तारखेशेजारी वार छापलेला असतोच, तो अंगठ्याखाली झाका, स्वतः काढा, मग अंगठा उचला. रोज दोन-तीनच करा पण कागदावर, आणि चुकलं तर महिन्यात चुकलं का लीपमधे ते बाजूला लिहा, आठवडाभरात आपली चूक कोणती ते आपोआप दिसतं. घड्याळ लावायची घाई नको, आधी उत्तर बरोबर येऊ द्या. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही तेव्हा वेळ संपत आला तरी प्रश्न कोरा सोडू नका, क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी मात्र जपून, तिथं चुकलं की पाव मार्क जातो.

आज हे एक करून बघा: 26 जानेवारी 1950 ला गुरुवार होता, त्यावरून 1 मे 1960 चा वार काढा. मधात 29 फेब्रुवारी तीनदा येते, तिसरी 1960 चीच, तीच सुटते बघा. रविवार आला पाहिजे.