ट्रकचं मीटर बदलताय? आधी या चुका टाळा

मीटर म्हणजे डॅशबोर्डवरचा काट्यांचा आणि दिव्यांचा सगळा सेट. मागच्या जुलैत धो धो पावसात एक ड्रायव्हर काका गाडी घेऊन दारात उभे. कुडाळकडची चिऱ्याची गाडी, आणि काखेत खोक्यात पॅक केलेलं नवंकोरं मीटर. "काटो नाचता हा, बघ मां जरा. नवीन आणलंय, ह्यां बसव." मी म्हटलं काका खोकं फोडू नका, दोन मिनिटं थांबा. इंडिकेटर लावला, डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा इंडिकेटरच्या तालावर नाचायला लागले. इंडिकेटर बंद, काटे गप्प. हेडलाइट लावली तर डिझेलचा काटा जागचा सरकला. आता इंडिकेटरचा आणि डिझेलच्या काट्याचा संबंध काय? संबंध एकच, दोघांची अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) एक, आणि ती अर्थ डॅशबोर्डमागे बॉडीला जिथं बोल्टने लावलेली तिथं बोल्ट हिरवागार झालेला. खोलला, पॉलिश पेपर मारला, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (धातूची कडी) लावून कसून आवळला, वर थोडं ग्रीस चोपडलं, काम खलास. मीटर परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही. पडून आहे अजून त्यांच्या घरी माळ्यावर.

हे आपल्याकडे घाटावरच्यापेक्षा जास्त होतं, कारण हवा खारी आणि चार महिने सगळं ओलं. त्यातून मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी बॉडीतून गळून गळून चासीवर पडतं, टाकीच्या युनिटचा (डिझेल किती ते मोजणारा सेन्सर) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, आणि चासीची अर्थ त्या पाण्यातच आंघोळ करत असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून गाडी उभी, आणि ऑगस्टमध्ये चावी फिरवली की काटे मेलेले. मालक म्हणतो उभ्या गाडीचं मीटर कसं काय गेलं? अहो मीटर नाही गेलं, उभ्या गाडीत पिना हिरव्या पडल्या.

"मीटर गेलं" असं ठरवायची घाई

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ही फक्त गिऱ्हाईकच करतं असं नाही, आम्ही मेस्त्री लोक पण करतो. काटा चुकीचं दाखवतो म्हणजे काटाच खराब, असं वाटतं. पण काटा बिचारा टाकीतलं युनिट, इंजिनवरचा सेन्सर, मधली वायर आणि अर्थ जे सांगतील तेच दाखवणार.

म्हणून आधी बघायचं की एकच काटा बिघडलाय की जोडीने बिघडलेत. जुन्या गाड्यांत डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम वर किंवा एकदम खाली गेले तर मीटरच्या मागचा स्टेबिलायझर बघा. ती छोटी डबी बॅटरीचा कमीजास्त होणारा करंट ह्या दोन काट्यांसाठी एकसारखा करून देते, आणि तिची अर्थ सुटली की दोन्ही काटे एकदम चढतात. मग ड्रायव्हर आंबा घाटात गाडी गरम झाली म्हणून बाजूला घेऊन रेडिएटरवर पाणी ओतत बसतो, आणि इंजिन मस्त थंड असतं. उलटं पण होतं, आणि ते वाईट. सेन्सरची वायर तुटली की काटा थंडवर पडून राहतो, घाट चढताना पाणी उकळून संपलं तरी काटा हसत बसलेला.

एकच काटा बिघडला असेल तर साध्या, एका वायरच्या सेन्सरवाल्या जुन्या गाडीत ही टेस्ट करा. चावी ऑन, इंजिन बंद. टेंपरेचर सेन्सरची वायर काढा, काटा थंडकडे पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवा, काटा गरमकडे चढला पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे मीटर आणि वायर ठणठणीत, सेन्सर बदला. नाही झालं तर वायर बघत बघत मीटरकडे या. डिझेलचं पण असंच, वायर टेकवल्यावर काटा एका टोकाला आणि सोडल्यावर दुसऱ्या टोकाला जायला हवा. फक्त वायर टेकवून चहा प्यायला जाऊ नका, काट्यातली कॉइल जळते. आणि ईसीएमवाल्या (इंजिन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) नवीन गाडीत हा प्रकार अजिबात नको, तिथं टेस्ट लॅम्प लावून पिना टोचायची सवय पण सोडा, मल्टिमीटर घ्या.

अर्थ तपासायची पद्धत पण बऱ्याच जणांची चुकते. मल्टिमीटरचा बझर लावून टीं वाजलं की अर्थ ओके म्हणतात. वायरची एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो हो. हेडलाइट, पार्किंग सगळं चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक मीटरच्या अर्थ पिनला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१–०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला की समजा अर्थ खाल्लेली आहे.

ऑइलच्या दिव्याबद्दल मात्र उलटं सांगतो. तिथं मीटरवर संशय शेवटी घ्यायचा. दिवा पेटला की गाडी बंद, डिपस्टिक बघा, मग इंजिनला बाहेरून प्रेशर गेज लावून खरं प्रेशर बघा, आणि ते बरोबर आलं तरच स्विच, वायर, मीटर. एकाने पासिंगच्या आदल्या दिवशी दिवा पेटतो म्हणून बल्बच काढून टाकला होता. पासिंग झालं, पुढं इंजिन उतरवावं लागलं, बेअरिंगं गेलेली.

खोलताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी काढत नाही. मीटर अर्धवट बाहेर ओढलं की मागच्या उघड्या पिना डॅशबोर्डच्या पत्र्याला लागतात आणि फट्. मग फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर पट्टी जळाली. जुन्या मीटरमागे प्लास्टिकच्या पातळ कागदावर तांब्याच्या रेषा असतात ना, ती पट्टी. तिला एकदा तडा गेला की बारीक वायर सोल्डर करून जोडता येते, पण ते काम डोळे फोडणारं.

वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. एक नको, चार काढा, दोन्ही बाजूंनी, उजेडात. रंगावर विश्वास ठेवू नका, दहा वर्षांच्या गाडीत आधीच्या तीन वायरमननी आपापल्या आवडीचे रंग घातलेले असतात.

किलोमीटरची केबल असेल तर मीटर ओढायच्या आधी मागे हात घालून केबलची चकती सोडवा. ओढून काढली की वाकते, आणि वाकलेली केबल मग किरकिर करते, काटा ४० आणि ६० च्या मध्ये थरथरतो आणि लोक म्हणतात नवीन मीटर पण खराब निघालं. ग्रीस लावताना आतल्या तारेच्या खालच्या भागालाच हलकं लावायचं, वरचं टोक कोरडं ठेवायचं. कोणी कोणी डबाभर भरतात, ते ग्रीस फिरत फिरत वर चढून मीटरच्या डोक्यात शिरतं आणि मग ते खरोखरच जातं.

आता मोठ्या गाडीवाल्यांनी नीट वाचा. जुन्या ट्रकमध्ये एअर प्रेशरच्या काट्याला मागून वायर नसते, हवेची बारीक नळी असते. हवेच्या टाकीत ७-८ किलो प्रेशर असताना ती नळी सोडली तर नळी चाबकासारखी उडते, आणि ब्रेकची हवा पण जाते. स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की आपोआप लागणारा ब्रेक) नसलेली जुनी गाडी उतारावर उभी असेल तर पुढचं सांगायला नको. चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, सगळ्या टाक्यांची हवा सोडा, काटा शून्यावर आला की मगच स्पॅनर. परत बसवल्यावर हवा भरून जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला तर अजून आवळा. दोन काट्यांचं गेज असेल तर नळ्यांवर टेप लावून १ आणि २ लिहा, अदलाबदल झाली तर उद्या पुढच्या ब्रेकची हवा जाईल आणि काटा मागची दाखवेल.

एलईडीची हौस

मीटर उघडलंच आहे तर मस्त निळे एलईडी टाकू, असं प्रत्येकाला वाटतं. डायलच्या उजेडाला टाका, हरकत नाही, १२ आणि २४ व्होल्टचं बघून. पण चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर सुरू व्हायला लागणारा पहिला करंट त्या बल्बमधूनच जातो. २४ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब साधारण सव्वाशे मिलिअँपिअर सोडतो, एलईडी दोन-चार मिलिअँपिअर सोडून गप्प. मग अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिली की कुठं चार्जिंगला लागतो. आंब्याच्या सीझनला एकाने असंच केलं, रात्रभर हेडलाइटवर वाशीपर्यंत गेला, पेट्या उतरवल्या, आणि परत निघताना बॅटरी झोपलेली. नवीन बॅटरी घेतली. तीही झोपली. शेवटी माझ्याकडे अल्टरनेटर बदलायला आला. चाळीस रुपयांचा साधा बल्ब लावला, मल्टिमीटरवर २८ व्होल्ट. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ओलं झालेलं मीटर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला त्यानंतर ह्या कामाचा अभ्यासच झाला म्हणा. वाशिष्ठीचा गाळ मीटरच्या आतपर्यंत. तेव्हा लोक सुकवायची घाई करत होते, हीट गन मारून, नाहीतर गॅसवर तवा ठेवून त्याच्या बाजूला. काच वाकते, डायल फुगतो. आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचं म्हणाल तर जुलैत आपल्याकडचे तांदूळच दमट असतात हो. शिवाय नुसतं सुकवून गाळ आणि मीठ तिथंच राहतं, आणि पहिल्या दमट रात्री परत पिना खायला लागतं. त्यापेक्षा सर्किट वेगळं काढा, बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याखाली एक दिवस. पूर्ण सुकल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

काच पुसायला पेट्रोल नको, थिनर तर नकोच, प्लास्टिक पांढरट होऊन बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे. डायल काढायला काटे उपसायचे असतील तर आधी काटा जिथं थांबलाय तिथं टेपवर खूण करा, अंदाजाने बसवलेला काटा पुढं कायम खोटं बोलतो.

भंगारातलं मीटर घेताना

घ्या, मी पण लावतो. पण नुसता आकार बसतो म्हणून घेऊ नका. १२ की २४ व्होल्ट ते बघा. टाकीच्या युनिटचा ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, जुळतो का बघा, काहींत टाकी रिकामी असताना १० ओहम आणि फुल असताना १८० असतो, काहींत बरोबर उलटी चाल. उलटं मीटर बसलं तर टाकी भरली की काटा रिकामी दाखवतो, आणि हे मी स्वतः एकदा करून बसलोय. किलोमीटरच्या डायलवर बारीक अक्षरात डब्ल्यू किंवा के लिहून पुढं आकडा असतो, तो जुन्या मीटरशी जुळला नाही तर स्पीड आणि किलोमीटर दोन्ही चुकणार. स्पीड गव्हर्नर (गाडीचा वेग ठराविक आकड्यावर अडवणारं यंत्र) असेल तर त्याची वायर स्पीड सेन्सरच्या लाइनवर कुठं जोडलीय ते आधी शोधा, नाहीतर मीटर चालेल आणि गव्हर्नर बंद पडेल.

जुन्या मीटरचं रीडिंग आणि नवीन लावलं तेव्हाचं रीडिंग, दोन्ही तारखेसकट बिलावर लिहून घ्या आणि फोटो ठेवा. किलोमीटर मागे करून द्या म्हणणारे येतात, मी हात जोडतो.

बीएस-६ गाड्यांचं, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, जास्त लांबवत नाही. तिथं मीटर कॅन लाइनवर (दोन वायरींची डेटाची लाइन) गाडीतल्या इतर कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूंशी, बोलत असतं, दुसऱ्या गाडीचं आणून लावलं तर कंपनीच्या स्कॅनरवर सेटिंग केल्याशिवाय बऱ्याचदा दिव्यांची दिवाळीच दिसते. घरी एवढंच करा, बॅटरीची केबल काढून कॅनच्या दोन वायरींत ओहम मोजा, साधारण ६० आला पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय.

आणि सगळं बसवून झालं, काटे सरळ उभे राहिले, तरी गाडी लगेच सोडू नका. एकाला केबिनमध्ये बसवा, हातात टॉर्च द्या, डॅशबोर्डखाली बघायला सांगा, आणि तुम्ही बाहेरून पाइपने पुढच्या काचेच्या रबरावर पाच मिनिटं पाणी मारा, वरच्या दोन कोपऱ्यांवर जास्त. आतून "आलं, आलं" असा आवाज आला की ते रबर आजच बदला.