पेन्शन आल्यावर पुण्यात सेफ्टीचं काम धरणाऱ्यांसाठी

राम राम. फौजेतून पेन्शनवर आलं की गावात सत्कार होतो, फेटा बांधला जातो, जीपमधून मिरवणूक निघते आणि महिना-दोन महिन्यांत पोरांच्या शिक्षणासाठी आपण पुण्याची वाट धरतो. मीही खटाव तालुक्यातून असाच आलो. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, २४ वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शन आलो, आता चाकणला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. गावाकडून सारखे फोन येतात, "दादा, सेफ्टीत काय जमतंय का बघा की." फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

आल्या आल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा आणि ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचारांच्या योजनेचं) कार्ड मार्गी लावा. ग्रॅच्युइटीचे पैसे लगेच फ्लॅटमध्ये अडकवू नका, वर्षभर भाड्याने राहा. पाहुणे कोथरूडला आहेत म्हणून तिकडे खोली घेतली आणि नोकरी चाकणला लागली, तर निम्मा जीव नाशिक हायवेवर जाईल. चाकणच्या तळेगाव चौकातली शिफ्ट सुटायच्या वेळची गर्दी एकदा डोळ्यांनी बघून या. मोशी, भोसरी, दिघी बरं पडतं. कंपनीची बस कुठून जाते ते आधी विचारा, खोली मग बघा.

आता शिक्षणाचं. इथे आपली माणसं सर्वांत जास्त फसतात, म्हणून नीट वाचा. सेफ्टी ऑफिसर हे कायद्याने ठरवलेलं पद आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १००० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात तो नेमायची सक्ती होती. कामाच्या जागच्या सुरक्षेची २०२० ची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात हा आकडा ५०० वर आणला आहे, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. पण त्या खुर्चीवर बसायला इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा लागतो, नाहीतर फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी. सोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. महाराष्ट्रात राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा एक वर्षाचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा धरला जातो. पंधरा वर्षांच्या सेवेवर फौजेतून मिळालेलं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट सरकारी गट क च्या नोकरीला उपयोगी पडतं, इथे चालत नाही. चार-सहा दिवसांत 'सेफ्टी ऑफिसर' करून देतो म्हणणाऱ्या क्लासला एक रुपयाही देऊ नका. नेबॉश हा सेफ्टीचा ब्रिटिश कोर्स चांगला आहे, आखातात जायचं असेल तर जरूर करा, पण तो या डिप्लोम्याची जागा घेत नाही. डिप्लोमा नसेल तर सेफ्टी सुपरवायझर म्हणून सुरुवात करा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र नेमणूकपत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, आणि पीएफ कुणाच्या नावाने भरला जातोय, हे सही करण्याआधी बघा.

नियमात आणखी एक अट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते: बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती सेफ्टी ऑफिसरला आली पाहिजे. चाकणच्या शेडमध्ये बीड-नांदेडची पोरं असतात, तशी बिहार, यूपी, ओडिशाचीही. पलटणीत सगळ्या मुलखांच्या जवानांबरोबर राहिल्यामुळे आपली हिंदी रोजच्या वापरातली असते. इंटरव्ह्यूत हे सांगा. रोल कॉलला उभं राहून पाच मिनिटांत शंभर जणांना काम समजावून सांगायची सवय आपल्याला आहे, टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधी कामगारांशी सुरक्षेवर थोडक्यात बोलणं, म्हणजे दुसरं काय असतं?

जी सवय सोडावी लागते ती हुकमाची. माझ्या पहिल्या नोकरीत (तो कारखाना आताचा नव्हे) एक जुनी पॉवर प्रेस होती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की रॅम (वरून दाब देणारा भाग) खाली येणार, म्हणजे हात डायमध्ये (खालच्या साच्यात) राहूच शकत नाही, अशी तिची रचना. एके दिवशी बघतो तर ठेक्यावरच्या एका पोराने डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. उजव्या हाताने बटण दाबायचा आणि डावा हात डायच्या तोंडाशी. मी पूर्ण लाईनसमोर त्याच्यावर परेड ग्राउंडच्या आवाजात ओरडलो. पाचर निघाली. पण दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये शिरलो की शिट्टी वाजायची आणि सगळं जागच्या जागी दिसायचं. पुढचे तीन महिने मला खरं काहीच कळलं नाही.

शेवटी त्या पोराजवळ जाऊन बसलो, चहा मागवला आणि पाचर का ठोकलीस एवढंच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पार्ट डायमध्ये चिकटतो. बोटाने सोडवत बसलो तर टार्गेट मागे पडतं, ठेकेदार पैसे कापतो." दोष डायचा होता. टूलरूमने तिला पार्ट बाहेर ढकलणारा स्प्रिंगचा इजेक्टर बसवला, आणि एक बटण दाबून धरलं तर प्रेस चालूच होणार नाही अशी वायरिंग इलेक्ट्रिशियनने करून दिली. पाचरीची गरजच उरली नाही. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या तीन महिन्यांत त्याची बोटं शाबूत राहिली हे त्याचं नशीब, माझी हुशारी नव्हे.

७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्या बहुतेक महिला होत्या, घरचं आवरून कामावर आलेल्या. तेव्हापासून कुठल्याही शेडमध्ये गेलो की आधी बाहेर पडायची दारं मोजतो, स्वतः ढकलून बघतो, त्यांच्यासमोर माल रचलाय का ते बघतो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे करा.

आणि तिसरी शिफ्ट चुकवू नका. ऑफिस बंद असतं, मॅनेजर घरी असतात, त्या वेळी पहाटे तीनला शेडमध्ये चक्कर मारा. हातात वही नको. नाव घेऊन हाक मारा, जेवण झालं का विचारा. त्या चहानंतर महिनाभराने तोच प्रेसवाला पोरगा अशाच एका रात्री माझ्यामागे पार्किंगपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, दोन नंबरच्या क्रेनच्या हुकाचं लॅच तुटलंय. चार दिवस झाले, कुणी सांगेना." मी तसाच मागे फिरलो, क्रेनचं मेन स्विच बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. लॅच (हुकातून दोर निसटू न देणारी पट्टी) बसेपर्यंत सकाळचे साडेनऊ वाजले. प्रॉडक्शनवाले चिडले. त्या पोराचं नाव मी कुठल्याही रिपोर्टमध्ये घातलं नाही.