काळ्या मातीतून फिजीकडे निघताना

प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ असतो, तर नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत पाऊस आणि चक्रीवादळे येतात. फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन चक्रीवादळाने तेथे गावेच्या गावे उद्ध्वस्त केली होती. म्हणून पावसाळ्यातील स्वस्त तिकिटाचा मोह टाळावा. आपल्या विदर्भातील शेतीच्या कामांतून या सहलीसाठी दोन सवडी मिळतात: एक वखरणी आटोपल्यानंतरचा मे महिना आणि दुसरी, माझ्या मते अधिक चांगली, पोळा झाल्यापासून सोयाबीनच्या सोंगणीपर्यंतची. कपाशीची सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की घरातून पाय निघत नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. तेथे उतरल्यावर 4 महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. मात्र पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक असावी, आणि परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता व खर्चापुरते पैसे दाखवता यावेत. खरी अडचण वाटेत येते. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे विमान बदलावे लागते, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे गेल्यास नुसते विमान बदलण्यासाठीही आपल्याला त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता गेल्यास तो लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

सामान बांधताना सर्वांत जास्त वेळ चपला-बुटांना द्यावा. बेटांवरील शेतीला बाहेरची कीड किंवा तणाचे बी पोहोचू नये म्हणून तेथे तपासणी फार कडक असते, आणि आपली काळी माती तर तळव्याच्या खाचांत सिमेंटासारखी घट्ट बसते. बूट रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी जुन्या दातघासणीने एकेक खाच कोरून काढावी, आणि उन्हात वाळल्यावर पुन्हा उलटे करून पाहावेत. पहिल्या धुण्यात सुटलेले कुसळ किंवा गाजरगवताचे बी तेव्हाच दिसते. संत्री, बियाणे, तूप, खवा आणि मध घरीच ठेवावे. जवसाची चटणी किंवा पापड नेलेच, तर उतरण्यापूर्वी भरायच्या अर्जात तसे स्पष्ट लिहावे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेलीसाठी दंड होतो.

मुख्य विमानतळ नांदीला आहे. इंग्रजी पाटीवर हे नाव ‘नदी’ असे दिसते, कारण फिजीच्या भाषेत ‘द’चा उच्चार ‘न्द’ होतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते. चलन फिजी डॉलरचे आहे. विजेचा दाब आपल्यासारखाच असला तरी पिन ऑस्ट्रेलियन पद्धतीची, तिरप्या चपट्या दात्यांची असते, म्हणून ॲडॅप्टर सोबत न्यावा. मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे. डासांचे मलम विसरू नये. राजधानी सुवा बसने साधारण चार-पाच तासांवर आहे. मामानुथा आणि यासावा बेटांच्या बोटी नांदीजवळच्या देनाराउ बंदरातून सुटतात.

मूळ फिजीयन लोकांच्या गावात रिकाम्या हाताने आणि न विचारता जाऊ नये, रविवारी तर नाहीच. बाजारातून यंगोना, म्हणजे कावा हे पेय ज्यापासून करतात त्या मुळ्यांची जुडी विकत घेऊन ती गावच्या प्रमुखापुढे ठेवावी. या रिवाजाला सेवूसेवू म्हणतात. वेशीतच टोपी आणि गॉगल काढावा, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि लहान मुलाच्याही डोक्यावर हात ठेवू नये, कारण तेथे डोके स्पर्शापलीकडचे मानतात. आपल्याकडे तोच हात आशीर्वादाचा असल्याने ही चूक सहज घडते. करवंटीतून कावा पुढे आला की एकदा टाळी वाजवावी, ‘बुला’ म्हणून एका दमात प्यावा आणि तीनदा टाळ्या वाजवाव्यात. चव मातकट लागते, जीभ थोडी बधिर होते.

उसाच्या पट्ट्यात मात्र हिंदी चालते. 1879 ते 1916 या काळात सुमारे 60,000 भारतीय मजूर करारावर तेथे नेले गेले. त्या कराराला ते ‘गिरमिट’ म्हणत. त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची आहे आणि आपल्या नागपुरी हिंदीने त्यांच्याशी बोलता येते. शाकाहारी माणसाला पोळी, डाळ आणि भाजी याच वस्त्यांत मिळते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या पणजोबांच्या भारतातील गावाची चौकशी केलीच, तर सवडीने बसून ऐकावे, आणि गावाचे व जिल्ह्याचे नाव नीट लिहून घ्यावे.